इंजिनाचा ठोका ऐकताना

मिशिगनमधल्या माझ्या ओळखीत कुणी जुनी स्पोर्ट्स कार घेतली, की पुढेमागे एक फोन येतो. इंजिनातून टकटक ऐकू येतेय आणि गेज पट्टीला तेल लागत नाहीये. बोलणाऱ्याचा सूर उतरलेला असतो, कारण अशी गाडी कुणी गरजेपोटी घेत नाही. पैसे बाजूला टाकत, मनापासून हवी म्हणून घेतो. गेल्या वर्षी हा फोन माझ्या भाच्याचा होता. त्याची गाडी दोन आसनी, चार सिलिंडरची, त्याच्या हाती येण्याआधी अनेक मालक बघितलेली. इंजिन ऐकायला मी पुण्यात, नाना पेठेतल्या एका गॅरेजमध्ये शिकलो; त्यामागचं शास्त्र पुढे पुस्तकांतून आणि नोकरीतून कळत गेलं. या दोन्ही शाळांनी जे शिकवलं, त्यातलं थोडं इथे सांगतो.

१. पहिलं काम इंजिन बंद करण्याचं. मनाची ओढ नेमकी उलटी असते. आवाज पुन्हा ऐकावा, जरा रेस देऊन बघावा, फोनवर रेकॉर्ड करावा असं वाटतं. भाचाही म्हणाला, "मामा, थांब, चालू करून ऐकवतो." मी म्हटलं, "चावीला हात लावू नकोस." आयडलिंगलाही इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. तेल नसलेल्या बेअरिंगसाठी अर्धं मिनिटही फार मोठं असतं. त्याला गाडी सपाट जागी ठेवायला लावली, काही मिनिटं थांबवलं आणि पट्टी पुसून पुन्हा बुडवायला सांगितली. बहुतेक गाड्यांत पट्टीवरच्या दोन खुणांमध्ये साधारण लिटरभर तेलाचा फरक असतो. त्याची पट्टी कोरडी निघाली, म्हणजे लिटरभराहून जास्त तेल गायब होतं. अर्थात तेल बघण्याची रीत सगळीकडे एक नसते. हवेने थंड होणाऱ्या जुन्या पोर्शे ९११ मध्ये इंजिन गरम आणि चालू असतानाच तेल बघायचं असतं. म्हणून गाडी कितीही ओळखीची असली, तरी मी त्या गाडीचं हँडबुक आधी उघडतो.

२. लाल दिवा तेल किती आहे ते सांगत नाही. तो दाब सांगतो, आणि तोही अगदी शेवटी. बहुतेक गाड्यांत हा दिवा दाब अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहून खाली आल्यावरच पेटतो. वेगात धावणाऱ्या इंजिनाला त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. भाच्याला आठवलं, की हायवेवरून उतरताना रॅम्पच्या लांब वळणावर दिवा क्षणभर लुकलुकला होता. वायरिंगचा दोष असेल म्हणून त्याने सोडून दिलं. तेल कमी असलं की वळणावर ते इंजिनाखालच्या चेंबरमध्ये एका बाजूला सरकतं, पंपाचं तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढतो. स्पोर्ट्स कार घेतलेला माणूस वळण जोरातच घेणार. गाडी बनवलीच आहे त्यासाठी. म्हणूनच शेवरोलेने २००६ च्या कॉर्व्हेट झेड०६ ला ड्राय संप दिला, म्हणजे तेलाची वेगळी टाकी. साध्या चेंबरच्या गाडीत मात्र तेलाची पातळी हाच एकमेव आधार.

३. चालू इंजिनाच्या बेअरिंगमध्ये धातू धातूला टेकत नाही, हे मला फार उशिरा समजलं आणि आजही त्याचं नवल वाटतं. गॅरेजमध्ये तेल म्हणजे घर्षण कमी करणारी बुळबुळीत वस्तू, एवढंच ठाऊक होतं. मग ब्यूशँप टॉवर या इंग्रज इंजिनिअरचे प्रयोग वाचले. १८८३ मध्ये तो रेल्वेच्या बेअरिंगची चाचणी घेत होता. तेल घालण्यासाठी बेअरिंगला वरून एक भोक पाडलं, तर तेल त्याच भोकातून उसळून बाहेर येऊ लागलं. त्याने लाकडी गुडदी ठोकली, तर तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. फिरणारा दांडा स्वतःच तेल आत ओढून एवढा दाब तयार करत होता, की वरचा सगळा भार त्या पातळ थरावर तरंगत होता. ऑसबर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये याचं गणित मांडलं. ओल्या रस्त्यावर भरधाव गाडीचं चाक पाण्यावर चढतं, तसा हा प्रकार आहे. फक्त रस्त्यावर तो घात करतो आणि बेअरिंगमध्ये जीव वाचवतो. कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथे जोडलेला असतो, त्या बिगेंड बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांएवढीच असते. तेलाऐवजी हवा आली की दांडा बेअरिंगच्या शेलवर टेकतो, मऊ थर घासला जातो, फट वाढते आणि कनेक्टिंग रॉड ठोके देऊ लागतो.

४. टकटक होतेय म्हणजे बेअरिंगच गेलं, असं नाही. भीती माणसाला थेट सगळ्यात वाईट निष्कर्षावर नेते. अशा वेळी मला ताल मोजण्याचा आधार वाटतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यामुळे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या एका टॅपेटची टिकटिक क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा येते, तर रॉडचा ठोका क्रँकच्या वेगाने पडतो. टायमिंग लाइट पहिल्या सिलिंडरच्या ठिणगीवर चमकतो. दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी पडणाऱ्या इंजिनात एका चमकेला एकच आवाज आला, तर वरचा भाग तपासायचा. दोन आले, तर खालचा. तेल कमी झालं की हायड्रॉलिक टॅपेटही वाजतात. तेवढंच असेल तर ते पुष्कळदा तेल भरल्यावर थोड्या वेळात शांत होतात, आणि इंजिन वाचलेलं असतं.

५. आवाज कधी येतो, हे तो कसा येतो याच्याइतकंच महत्त्वाचं. मिशिगनच्या हिवाळ्यात सकाळी इंजिन चालू केल्यावर खडखड होऊन ती तापता तापता विरली, तर बहुधा पिस्टन बोअरमध्ये हलतोय. आवाज तापल्यावर वाढत गेला, तर मी सावध होतो. तेल गरम होऊन पातळ झालं की घासलेल्या बेअरिंगला ते पुरत नाही. असा ठोका दोन-तीन हजार आरपीएमला पाय हलकेच सोडताना स्पष्ट येतो. चढावर किंवा जोर लावताना येणारी बारीक खणखण वेगळी. तिथे पेट्रोल अवेळी पेटत असतं. याच खणखणीवर उतारा शोधताना थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये ओहायोतल्या डेटनला पेट्रोलमध्ये शिसं घालून पाहिलं होतं. मला नवल वाटलं ते याचं, की तेल खाणाऱ्या गाडीत हे दोन्ही आवाज एकत्र राहू शकतात. सिलिंडरमध्ये शिरलेलं तेल पेट्रोलचा ऑक्टेन उतरवतं. एक दोष सापडला म्हणून दुसरा शोधायचा थांबू नये, हे मी यातून शिकलो.

६. धातू आवाज वाहून नेतो, म्हणून कानाला जागा चटकन कळत नाही. नाना पेठेतले आमचे उस्ताद लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला. हेडवर, ब्लॉकवर, चेंबरच्या कडेला असं फिरत ते मिनिटभर काही बोलत नसत. स्टेथोस्कोप हाती आला तरी मी तोच क्रम पाळतो. तेल भरून पंपाने दाब धरल्याची खात्री झाली, तरच आणि अगदी थोडा वेळ इंजिन चालू करायचं. मग एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरची पिन काढून बघायची. त्या सिलिंडरमध्ये जळणच नाही, म्हणजे रॉडवरचा भार उतरला. ठोका दबला तर दोषी सिलिंडर सापडला. नुसती ठिणगी बंद केली तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं, म्हणून इंजेक्टरच. भाच्याच्या गाडीत तिसऱ्या सिलिंडरची पिन काढल्यावर ठोका जवळजवळ गेला.

७. तेल भरल्यावर आवाज थांबला, तर ती वेळ सगळ्यात जपण्याची. भाच्याच्या गाडीतही तेल भरल्यावर पहिली काही मिनिटं ठोका ऐकू आला नाही. त्याचा चेहरा उजळला आणि मलाही वाटलं, सुटलो. पण ताजं, थंड तेल घट्ट असतं; ते वाढलेली फट काही काळ भरून काढतं. घासलेला धातू परत येत नाही. म्हणून इंजिन पुरतं तापेपर्यंत मी कुणाला "गाडी बरी आहे" असं म्हणत नाही. ५डब्ल्यू-३० मागणाऱ्या इंजिनात २०डब्ल्यू-५० घालून विकायला काढलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत; त्या आठवडाभर शांत असतात. जुनी गाडी बघायला जाताना बॉनेटला हात लावून इंजिन खरंच थंड आहे ना ते बघावं, आणि तीच गाडी पुरती तापवूनही ऐकावी.

८. जुनं तेल फेकण्याआधी वाचावं. चेंबरचा नट उघडून तेल स्वच्छ घमेल्यात काढायचं, फिल्टर कापायचा, त्याचा कागद उलगडून उन्हात धरायचा. लोहचुंबकाला चिकटेल ते लोखंड किंवा पोलाद. न चिकटणारी चमक तांब्याची, शिशाची, अॅल्युमिनियमची असू शकते. बेअरिंगचा शेल थरांचा असतो: पाठीला पोलाद, त्यावर बहुधा तांब्याचा मिश्रधातू आणि वर मऊ थर. तांबूस कण दिसले, तर वरचा थर संपला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या डिझेल इंजिनांचं तेल प्रयोगशाळेत तपासून आतली झीज ओळखू लागल्या. आज साधा गाडीमालकही छोट्या बाटलीत नमुना पाठवू शकतो. भाच्याच्या फिल्टरमध्ये तांबूस चमक होती. त्यानंतर चेंबर उतरवायचा की नाही, यावर चर्चा उरली नाही.

९. बेअरिंग बदललं तरी मूळ प्रश्न उरतो: तेल गेलं कुठे? चेंबर उतरवल्यावर तिसऱ्या रॉडचा शेल तांबूस झालेला दिसला. क्रँकच्या जर्नलवर, म्हणजे रॉड बसतो त्या भागावर, नखाला लागेल असा चरा होता, म्हणून ग्राइंडिंग करून ०.२५ मिलिमीटर अंडरसाइझ शेल घातले. तेलाचे मार्ग आणि ऑइल कूलर धुतले, कारण तिथे राहिलेला एक कण नवा शेलही खाऊ शकतो. पण तेवढ्यावर थांबलो असतो, तर ठोका परत आला असता. बाहेर गळती नव्हती. पिस्टनच्या रिंगा काजळीने जाम झालेल्या निघाल्या. काही इंजिनं तर मुळातच तेल जाळतात. २००३ मध्ये बाजारात आलेल्या माझ्दा आरएक्स-८ च्या रोटरी इंजिनात तेल मुद्दाम ज्वलनकक्षात सोडलेलं असतं. अशी गाडी सर्व्हिसिंगच्या तारखेवर सोडून चालत नाही. पेट्रोल भरताना पट्टी बघायची सवयच लागते. गाडी तेल खाते हे दुःख नाही. ती किती खाते हे ठाऊक नसणं, हे खरं संकट.

१०. जुन्या गाडीबरोबर तिची माहितीही हातोहात जायला हवी. भाच्याच्या गाडीचं तेल एका रात्रीत संपलं नव्हतं. आधीच्या एखाद्या मालकाने "हिला अधूनमधून तेल घालावं लागतं" एवढं एक वाक्य सांगितलं असतं, तर क्रँक वाचला असता. भाच्याने आता एक वही केली आहे: तारीख, किती मैल झाले, किती तेल घातलं, इंजिनात काय बदललं आणि का. गाडी विकेल तेव्हा वही सोबत द्यायचं त्याने आपणहून ठरवलं, याचं मला इंजिन दुरुस्त झाल्याइतकंच समाधान आहे. कुणासाठी गाडी बघायला गेलो, की मीही इंजिन चालू करण्याआधी मालकाला विचारतो, शेवटचं तेल कधी घातलंत आणि किती? उत्तर ज्याच्या जिभेवर तयार असतं, त्याची गाडी तेल खात असली तरी घ्यायला हरकत नाही, असं मी आता बेधडक सांगतो.