फिल्टर कोरडा ठेवू नका

मे महिन्यातली सकाळ. बीडहून अंबाजोगाईला योगेश्वरीच्या दर्शनाला निघालो होतो. आई साइडकारमध्ये, मी बुलेटवर. मांजरसुंब्याचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये अर्धाअधिक चढलो आणि इंजिनातून टकटक ऐकू यायला लागली. टॅपेट वाजत असतील, वर चढून बघू, म्हणून गाडी तशीच रेटली. दीड-दोनशे पावलांत टकटकीचा घणाचा ठोका झाला आणि इंजिन बसलं. आईचे गुडघे अधू. टेम्पो मिळेपर्यंत दोन तास ती डोक्यावर पदर घेऊन कठड्याला टेकून बसली, पण मला एका शब्दानं बोलली नाही. ते मला अजून लागतं, कारण आदल्याच दिवशी त्या इंजिनची सर्व्हिसिंग मी घरी, अंगणात केली होती.

मिस्त्रीनं इंजिन उघडलं आणि आधी विचारलं, "गुरुजी, फिल्टरच्या घरात तेल भरलं होतं का?"

"नवा फिल्टर टाकला की!"

"फिल्टर नाही हो. तेल."

मग त्यानं कनेक्टिंग रॉडचा बुश माझ्या तळहातावर ठेवला. त्यावर नखात अडकतील अशा खोल रेघा होत्या आणि एक कड जळून निळी पडली होती.

बिडाच्या सिलिंडरची ३४६ सीसीची जुनी बुलेट ज्यांच्याकडे आहे, त्यांनी हे समजून घ्यावं. मद्रासजवळ तिरुवोत्तियूरला १९५०च्या दशकात या गाड्या तयार होऊ लागल्या, पण इंजिनची ठेवण त्याआधीची, इंग्लंडची. तेलाची टाकी इंजिनच्या पोटातच, पण वेगळ्या कप्प्यात असते. एक पंप तिथून तेल ओढतो आणि फिल्टरमधून क्रँकच्या बुशाला देतो. दुसरा पंप खाली पडलेलं तेल परत वर नेतो. बुश तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. मी फिल्टरचं घर डिझेलनं धुऊन, पुसून, नवा फिल्टर टाकून कोरडंच बंद केलं. पहिली किक बसताच खुशीत रेसही केली. पंप आधी ते रिकामं घर भरत बसला आणि तोवर बुश सुका फिरला.

रॉकरच्या नळीचा बोल्ट सैल करून तेल पाझरताना मी पाहिलं होतं, म्हणून निर्धास्त होतो. इथंच फसलो. रॉकरला जाणारं तेल परतीच्या पंपाचं असतं. क्रँककेसचा खालचा बोल्ट मी उघडलाच नव्हता. तिथं साचलेलं जुनं, काळं तेलच वर आलं होतं. टाकीकडून बुशाला तेल पोचतंय की नाही, हे त्यावरून कळत नाही.

एकटी गाडी कदाचित अशी चूक महिनाभर सोसेल. साइडकार आणि आतलं माणूस मिळून सव्वाशे-दीडशे किलोचं ओझं असतं, गाडी खालच्या गिअरमध्ये रखडते आणि वारा कमी लागल्यानं इंजिन जास्त तापतं. त्यात आपल्याकडचा उन्हाळा.

आता मी खालचे दोन्ही बोल्ट उघडतो, तेही इंजिन कोमट असताना. पुसायला कॉटन वेस्ट नाही, आईच्या जुन्या धुवट लुगड्याचा तुकडा घेतो. कॉटन वेस्टचा धागा सुटला की तो तेलाच्या वाटेत जातो. फिल्टर बसवण्याआधी त्याच्या घरात तेल ओततो, ते मुरलं की पुन्हा ओततो. मग प्लग काढून तीस-चाळीस किका सावकाश मारतो. प्लग नसल्यानं किक हलकी जाते आणि पंपाला तेल धरायला वेळ मिळतो. त्यानंतरच प्लग लावून गाडी चालू करतो आणि पाच मिनिटं रेसला हात लावत नाही.

तेलाची पट्टीही फसवते. गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की टाकीतलं तेल झिरपून क्रँककेसमध्ये उतरतं. पट्टी कोरडी दिसते, माणूस वरून तेल ओततो आणि ते जास्त होऊन श्वासनळीतून बाहेर पडतं. म्हणून इंजिन थोडं चालवून, बंद करून मगच पट्टी बघा. साइडकारची गाडी जमिनीच्या उतारासोबत कलते, त्यामुळे माप सपाट फरशीवरच घ्या. माझ्या अंगणाला मोरीकडे उतार आहे; मी गाडी ओसरीपुढच्या शहाबादीवर घेतो.

आपल्याकडे साइडकार डावीकडे असते आणि प्रायमरी चेनचं कव्हरही डावीकडेच. हात पोचत नाही म्हणून तिथलं तेल वर्षानुवर्षं राहून जातं. त्याच कव्हरमध्ये क्लच असतो, आणि साइडकार ओढताना सगळ्यात जास्त मार त्यालाच बसतो. गोधडी अंथरून आडवं व्हा, पण तिथलं तेल बदलाच. त्याआधी साइडकारच्या चाकाला दोन्हीकडून दगड लावा आणि पोरांना लांब ठेवा.

मी २०डब्ल्यू-५० तेल घालतो आणि दीड हजार किलोमीटरला बदलतो. काढलेलं तेल डब्यात भरून शेजारच्या बैलगाडीच्या आसाला जातं. ओढ्यात किंवा विहिरीजवळ एक थेंबही सांडू देत नाही, आपल्याकडे पाणी आधीच किती!

घाटाआधी पालीला मी आता थांबतो. इंजिन बंद न करता लांब पान्याचं एक टोक टायमिंग कव्हरवर आणि दुसरं कानामागच्या हाडाला टेकवतो. आई साइडकारमधून विचारते, "काय म्हणतंय?" नेहमीची सळसळ असली तरच गिअर टाकतो.