टोकन कुणाच्या ड्रॉवरमध्ये?

आमची छोटी ठेकेदारी फर्म आहे. गटारं, संरक्षक भिंती, शाळाखोल्या असली कामं करतो. भागीदार दोघंच, दादा आणि मी. सहीचा अधिकार दादाला, म्हणून डिजिटल सहीचं टोकनही दादाच्याच नावाचं. राहायचं मात्र ते तालुक्याला टेंडर भरून देणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये. आमच्याकडे ही सरसकट पद्धत आहे. त्या ड्रॉवरमध्ये बरीच टोकनं असत; प्रत्येकाला रबराने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर फर्मचं नाव आणि खाली पिन.

एक दिवस शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कार्यालयाचं पत्र आलं. अमुक रस्त्याच्या कामात आपला देकार सर्वांत कमी ठरला आहे, मुदतीत सुरक्षा अनामत भरून करारनामा करावा, अन्यथा बयाणा रक्कम जप्त होईल. तो रस्ता कुठल्या गावाला जातो हेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं.

चौकशी केल्यावर उलगडा झाला. पहिल्या वेळी निदान तीन निविदा दिसाव्यात म्हणून ज्याला काम हवं तो दोघांची ‘सपोर्टिंग’ टेंडरं भरून घेतो. त्यासाठी आमचं टोकन वापरलं गेलं होतं, आणि बयाणाही ज्याला काम हवं होतं त्यानेच भरला होता. पण ज्याच्यासाठी हा खटाटोप, तोच एका कागदावरून तांत्रिक लिफाफ्यात बाद झाला आणि आमच्या नावाची निविदा पुढे आली.

त्या कार्यालयातल्या सुनावणीला दादा म्हणाला, “साहेब, हे टेंडर आम्ही भरलंच नाही.” साहेबांनी पडद्यावर सहीचा तपशील उघडून दाखवला. “सही तुमच्याच टोकनची आहे ना? टोकन कुणाकडे होतं? ते ताब्यात नाही असं कुठे लेखी कळवलं होतं?” त्या दिवशी दादा गावी लग्नात होता; त्याचे फोटोही आम्ही नेले होते. साहेबांनी ते शांतपणे पाहिले आणि परत दिले. सही करणारा माणूस कुठे बसला होता, हा तिथे प्रश्नच नव्हता.

मला राग आला होता, पण नंतर कायदा वाचला तेव्हा साहेबांचं बरोबर होतं हे मान्य करावं लागलं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ५ ने इलेक्ट्रॉनिक सहीला हातच्या सहीइतकीच मान्यता दिली आहे. खरा मुद्दा कलम ४२ मध्ये आहे. ज्याच्या नावाचं प्रमाणपत्र, त्याने आपली खासगी किल्ली ताब्यात राहील याची वाजवी काळजी घ्यायची. ताबा सुटला तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचं, आणि कळवेपर्यंत जबाबदारी त्याचीच. ती किल्ली टोकनात असते आणि पिनने उघडते. पिनसकट टोकन दुसऱ्याला देणं म्हणजे सह्या केलेलं कोरं चेकबुक देणं. दुसऱ्याची सही लबाडीने वापरणाऱ्याला कलम ६६क खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार आम्ही केली, पण तो खटला वेगळा चालतो. त्याने निविदा पुसली जात नाही. त्या कार्यालयाने आम्हाला वर्षभर निविदा भरायला बंदी केली. बंदी संपली, तरी पूर्वी कुठे प्रतिबंध झाला होता का असं निविदेच्या प्रतिज्ञापत्रात विचारतात, तिथे खरं ते लिहावं लागतं.

(कार्यालयांनी आम्हाला फार शिकवू नये. अभियंत्यांची टोकनं निविदा लिपिकाच्या कपाटात असतात, हे ठेकेदारांना चांगलं ठाऊक आहे.)

तर माझं सांगणं असं. टेंडर भरणाऱ्याची मदत जरूर घ्या. कागद स्कॅन करणं, दरपत्रकाची फाइल भरणं हे तो आपल्यापेक्षा चांगलं करतो. सहीच्या वेळी मात्र स्वतः शेजारी बसा, पिन स्वतः टाका आणि टोकन खिशात घालून घरी या. पोर्टलचा पासवर्ड बदला. आणि नोंदणीत ईमेल कुणाचा आहे ते बघा. आमच्या खात्याला त्या टेंडर भरून देणाऱ्याचाच ईमेल होता. निविदा भरल्याचा निरोप पोर्टलने पाठवला असणार, पण तो ज्याने भरली त्यालाच गेला. ही एक गोष्ट आधी पाहिली असती, तर पत्र यायच्या आतच सगळं कळलं असतं.

टोकन हरवलं किंवा संशय आला, तर आधी प्रमाणपत्र रद्द करायला लेखी कळवा आणि पोच जपा. पोलिसांकडे त्यानंतर जा. टोकन बाहेर राहिलं तर आणखी एक धोका असतो. शासनाच्या महाटेंडर्स पोर्टलवर ‘फ्रीज’ (अंतिम) केल्याशिवाय निविदा दाखल होत नाही, आणि वेळ सर्व्हरच्या घड्याळाची धरतात. एकदा निविदा मागे घेतली की त्या कामाला पुन्हा भरता येत नाही. म्हणजे आपलं टोकन हाती असलेला माणूस आपली खरी निविदाही घालवू शकतो.

आधारवरची ई-सही यापेक्षा बरी, कारण तिची किल्ली त्या एका सहीपुरतीच तयार होते आणि प्रमाणपत्र अर्ध्या तासात संपतं. पण तिथे ओटीपी हीच सही. ‘काका, एक नंबर आलाय तो सांगा’ असा फोन आला आणि नंबर सांगितला, की सही झाली.

आणखी एक. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०अ म्हणतं, की करार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून तो बाद ठरत नाही. त्यावर विसंबून आमच्या ओळखीच्या एकाने शासनाच्या रस्त्याचं काम सुरू केलं. पडद्यावर नाव आलं होतं आणि साहेब फोनवर ‘चालू करा’ म्हणाले होते. खासगी व्यवहारात ईमेलवर ठरलेला करार सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत प्रकरणात मान्य केला आहे. राज्य शासनाचं तसं नाही. संविधानाच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे करार राज्यपालांच्या नावाने आणि अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या सहीनेच व्हावा लागतो. तसा नसेल तर करारावर बोट ठेवून दावा करता येत नाही. शासनाने कामाचा लाभ घेतला म्हणून मोबदला द्यावा, असं करार कायद्याच्या कलम ७० खाली मागता येतं. १९६१ साली बी. के. मंडल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती वाट मोकळी ठेवली. पण ती वाट कोर्टातून जाते, आणि तोवर सिमेंटवाला थांबत नाही. करारनामा आणि कार्यारंभ आदेश हाती येईपर्यंत जेसीबी हलवू नका.

आदेश डिजिटल सहीचा असेल, तर पीडीएफ फाइलच जपून ठेवा. छापलेल्या कागदावर त्या सहीचं नुसतं चित्र उरतं, तपासता येते ती फाइलमधली.

तुमचं टोकन या घडीला कुणाच्या ड्रॉवरमध्ये असेल, तर उद्या सकाळी जाऊन घेऊन या. तो म्हणेल, “विश्वास नाही का?” विश्वास असला तरी आणा.