बीजिंगनंतर शिआन

प्रश्न : बीजिंगखेरीज चीनमधले एकच शहर पाहायचे असेल तर कोणते निवडावे?

उत्तर : शिआन, म्हणजे तांग राजवटीची राजधानी छांगआन. शहराच्या पूर्वेला १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सम्राट छिन शी ह्वांगच्या समाधीजवळची मातीची फौज सापडली. कारागिरी थक्क करणारी आहे. चेहरे वेगवेगळे आहेत, आणि गुडघा टेकून बसलेल्या तिरंदाजाच्या जोड्याच्या तळावरचे टाकेही कोरलेले दिसतात. मिंगकालीन तट सुमारे १४ किलोमीटरचा असून त्यावर भाड्याची सायकल फिरवता येते. मराठी प्रवाशाने मात्र रानहंसांचा मोठा पॅगोडा अजिबात चुकवू नये. पुलकेशी दुसऱ्याच्या काळात महाराष्ट्र पाहून गेलेल्या ह्युएन त्संगने भारतातून नेलेल्या ग्रंथांसाठी तो इ.स. ६५२ मध्ये उभारला गेला. ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळावा. राष्ट्रीय सुट्टीमुळे तेव्हा सगळीकडे प्रचंड गर्दी असते.