षट्कर्णी न होणारी गोष्ट

दोन माणसांतील गोष्ट तिसऱ्याच्या कानी गेली, की ती ‘षट्कर्णी झाली’ असे म्हणतात. दोघांचे चार कान आणि तिसऱ्याचे दोन, असे सहा कान झाले की गुपित हे गुपित राहत नाही, हा पूर्वापार अनुभव आहे. म्हणूनच खाजगी गोष्ट बोलताना माणूस आवाज हलका करतो, दार लोटून घेतो किंवा बंद पाकिटातून पत्र पाठवितो. परंतु ज्याला दूरध्वनीवर बोलण्यासाठी मध्ये तिसरा माणूस घ्यावाच लागतो, त्याने काय करावे? कर्णबधिरांपुढे हा प्रश्न फार वर्षे उभा होता. अमेरिकेत तो कसा सोडविण्यात आला, ती हकीकत मोठी बोधप्रद आहे.

दूरध्वनीचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना १८७६ साली मिळाले. बेल हे बॉस्टन शहरी कर्णबधिरांना शिकवीत असत. त्यांच्या आईला फारच कमी ऐकू येई. पुढे ज्या मेबल हबर्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला, त्यांची श्रवणशक्ती लहानपणीच तापाच्या आजारात गेली होती. असे असूनही, बेल यांनी निर्माण केलेले हे यंत्र त्यांच्या आईला आणि पत्नीला निरुपयोगीच होते. दैवाचा हा खेळ विलक्षण म्हटला पाहिजे.

दूरध्वनी जसजसा घरोघर पोहोचला, तसतशी कर्णबधिरांची अडचण वाढतच गेली. डॉक्टरांची वेळ ठरविणे, नोकरीची चौकशी करणे, बँकेतील हिशेब विचारणे ही कामे इतर लोक घरबसल्या करू लागले. कर्णबधिर माणसाला मात्र त्यासाठी शेजाऱ्याचे दार ठोठवावे लागे. नाही तर ऐकू येणाऱ्या आपल्याच लहानग्या मुलाला दूरध्वनीपाशी उभे करावे लागे. आईचे दुखणे काय आहे, वडिलांवर कर्ज किती आहे, हे त्या अजाण मुलाने परक्या माणसाला सांगायचे! मदत मिळे हे खरे. पण तिच्यासाठी मनातील गोष्ट दुसऱ्यापुढे उघडी करावी लागे.

१९६४ साली या अडचणीतून पहिली वाट निघाली. कॅलिफोर्नियात राहणारे रॉबर्ट वाइटब्रेक्ट हे कर्णबधिर पदार्थवैज्ञानिक होते. त्यांचे स्नेही जेम्स मार्स्टर्स हे दातांचे डॉक्टर. त्यांनाही ऐकू येत नसे. टेलिप्रिंटर हे संदेश छापणारे अवजड यंत्र साध्या दूरध्वनीला जोडता येईल का, याचा त्यांनी ध्यास घेतला. वाइटब्रेक्ट यांनी त्यासाठी एक जोडयंत्र तयार केले. टेलिप्रिंटरवर अक्षर दाबले की हे यंत्र त्याचे स्वरांत रूपांतर करी. ते स्वर दूरध्वनीच्या तारेवरून जात आणि पलीकडचे जोडयंत्र त्यांची पुन्हा अक्षरे करी. अशा रीतीने दोघा मित्रांनी दूरध्वनीवरून एकमेकांशी संभाषण केले. शब्द कानांनी ऐकण्याऐवजी ते कागदावर वाचण्यात आले, एवढाच काय तो फरक!

परंतु असे यंत्र दोन्ही टोकांना असेल, तरच ही सोय उपयोगी पडे. दुकानदाराकडे, दवाखान्यात किंवा शाळेत ते कोठून असणार? तेव्हा मध्ये एखादा ऐकणारा माणूस बसविणे प्राप्त झाले. प्रथम काही शहरांत स्वयंसेवक हे काम करीत. पुढे २६ जुलै १९९० रोजी अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. साऱ्या देशभर अशी व्यवस्था तीन वर्षांच्या आत उभी करावी, असे त्यात ठरले. या व्यवस्थेला ‘रिले सेवा’ असे नाव आहे. १ ऑक्टोबर २००१ पासून देशात कोठूनही ७११ हा एकच क्रमांक फिरवून ती मिळू लागली.

या सेवेची रीत साधी आहे. कर्णबधिर माणूस आपले म्हणणे यंत्रावर लिहून पाठवितो. केंद्रात बसलेला साहाय्यक ते पलीकडच्या माणसाला वाचून दाखवितो आणि त्याचे उत्तर लिहून परत पाठवितो. ‘ते म्हणतात, की मी आजारी आहे’ असे साहाय्यक बोलत नाही. ‘मी आजारी आहे’ असेच बोलतो. तेवढ्या वेळापुरता तो स्वतःचा नसतोच. एकदा याचा आवाज होतो, तर एकदा त्याची लेखणी.

असा साहाय्यक दिवसभरात किती गोष्टी ऐकत असेल! कोणाच्या घरी मृत्यू झालेला असतो, कोणाचे पतिपत्नीचे भांडण चाललेले असते, कोणी डॉक्टरांकडून आपल्या रोगाचे नाव प्रथमच ऐकत असतो. म्हणूनच अमेरिकेच्या मध्यवर्ती संदेशवहन आयोगाने या कामासाठी कडक नियम घालून दिले. संभाषणात काहीही असो, साहाय्यकाने ते कोणालाही सांगता कामा नये. बोलणे संपल्यावर त्याचा मजकूर जपून ठेवता कामा नये. कोणी स्वतःहून सारांश मागितल्याखेरीज त्याने शब्द गाळू नये आणि स्वतःच्या पदरचे काही घालूही नये. साहाय्यक आपले नावदेखील सांगत नाही; त्याची ओळख एका क्रमांकाने होते.

पुढे दूरचित्राद्वारे खुणांच्या भाषेत बोलण्याची सोय झाली. तेव्हा तर साहाय्यक आणि कर्णबधिर माणूस यांना एकमेकांचे चेहरेही दिसू लागले. ज्याने काल आपले दुःख पोहोचविले, तोच दुभाषी उद्या एखाद्या समारंभात समोर येण्याचा संभव असतो. अशा वेळी त्याने काही ऐकलेच नव्हते अशा वृत्तीने वागावे, यातच त्याच्या व्यवसायाची प्रतिष्ठा आहे.

गुपित राखण्याची व्यवस्था अशी झाली. पण दुसरा एक प्रश्न पुढे आला. तो होता ओळखीचा. बोलावणाऱ्याचा क्रमांक दाखविणारे दूरध्वनी घरोघर आले, तेव्हा मुलाने आईला रिले सेवेतून दूरध्वनी केला, तर तिला दिसे तो केंद्राचा अनोळखी क्रमांक. अनेकांना वाटे, हा कोणी माल विकणारा असावा. आणि ते दूरध्वनी बंद करीत. यासाठी २००३ साली आयोगाने नियम केला, की जेथे यंत्रणेला शक्य असेल तेथे केंद्राचा क्रमांक, ७११ हा क्रमांक किंवा बोलावणाऱ्याचा स्वतःचा क्रमांक, यांपैकी एक तरी पलीकडे दिसलाच पाहिजे.

याच सुमारास इंटरनेटवरून रिले सेवा सुरू झाली होती. तिला दूरध्वनीची तार लागत नसे. त्यामुळे बोलणारा कोण आणि कोठला, हे कळत नसे. काही भामट्यांनी याचा फायदा घेतला. कर्णबधिर असल्याची बतावणी करून, चोरलेल्या क्रेडिट कार्डांवर ते दुकानांतून माल मागवू लागले. साहाय्यकाला कधी संशय येई. पण ऐकलेले बाहेर सांगायचे नाही, या नियमाने त्याचे हात बांधलेले असत. फसलेले दुकानदार मग रिले सेवेचा दूरध्वनी येताच तो तोडू लागले, आणि चोर सोडून संन्याशाला शिक्षा व्हावी, तसे खऱ्या कर्णबधिरांचे झाले. शिवाय कोणी संकटात सापडून ९११ या तातडीच्या क्रमांकाकडे धाव घेतली, तर त्याच्या मदतीला जायचे तरी कोठे, हेही कळेना.

यावर एक सोपा वाटणारा उपाय होता. साहाय्यकाला संशय आला, की त्याने संभाषण फोडावे! परंतु तसे झाले असते, तर प्रत्येक कर्णबधिर माणसाच्या मागे एक पहारेकरी बसला असता. आयोगाने निराळी वाट धरली. इंटरनेटवरून रिले सेवा वापरणाऱ्यांनी आपले नाव व पत्ता नोंदवावा आणि प्रत्येकाला इतरांप्रमाणेच दहा आकडी स्वतःचा क्रमांक मिळावा, असे २००८ साली ठरले. संकटकाळी मदत कोठे पाठवावी, हेही त्या नोंदीवरून कळू लागले. नव्या माणसाची ओळख पटण्यापूर्वी, तातडीचे प्रसंग सोडून, लिखित सेवेतून त्याचे बोलणे पोहोचवू नये, असा निर्बंध २०१२ साली आला. ओळख विचारली गेली, ती सेवेच्या दाराशी. दाराआड चाललेल्या बोलण्याला धक्का लावला गेला नाही.

माणूस कोण आहे हे विचारणे वेगळे, आणि तो काय बोलतो हे चोरून ऐकणे वेगळे. पहिल्याने विश्वास वाढतो, दुसऱ्याने तो नष्ट होतो. रिले सेवेतील साहाय्यक सारे काही ऐकतो, आणि तरीही गोष्ट षट्कर्णी होत नाही. याचे श्रेय यंत्राला नाही. मुखावर ताबा ठेवणाऱ्या माणसाला आहे. ज्याच्यापाशी दुसऱ्याचा शब्द सुरक्षित राहतो, त्याच्यापाशीच माणसे निर्धास्तपणे मन मोकळे करतात.

अभ्यास

१. ‘षट्कर्णी होणे’ म्हणजे काय? या वाक्प्रचाराचा आपल्या वाक्यात उपयोग करा.
२. शेजाऱ्याकडून किंवा मुलाकडून दूरध्वनी करवून घेण्यात कर्णबधिरांना कोणती अडचण वाटे?
३. साहाय्यकाने पाळावयाचे तीन नियम सांगा. प्रत्येकामागील कारण काय असावे?
४. ‘चोर सोडून संन्याशाला शिक्षा’ ही म्हण या पाठात कोणत्या प्रसंगी आली आहे?
५. डॉक्टर, वकील आणि पोस्टमन यांनाही इतरांच्या खाजगी गोष्टी कळतात. त्यांनी कसे वागावे, यावर दहा ओळी लिहा.