वाहनाची बॅटरी आणि घरातील इन्व्हर्टर : निगा व घरगुती दुरुस्ती

शेतमाल पिकविणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो वेळेवर बाजारात पोचविणेही महत्त्वाचे होय. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात किंवा लासलगावच्या कांदा बाजारात जाणारा टेंपो रात्री भरून ठेवावा आणि पहाटे तो सुरूच होऊ नये, यासारखी हानी दुसरी नाही. माल तोच, मेहनत तीच. परंतु लिलावाची वेळ टळली की भाव हातचा जातो. दुसरीकडे, वीज गेली असता घरातील इन्व्हर्टर अर्ध्या तासात बंद पडतो आणि मुलांचा अभ्यास, आजाऱ्याची शुश्रूषा व गोठ्यातील रात्रीची देखरेख अंधारात करावी लागते. वरवर पाहता या दोन अडचणी निराळ्या दिसतात. पुष्कळदा त्यांचे मूळ एकच असते व ते म्हणजे बॅटरीकडे झालेले दुर्लक्ष.

बॅटरी वीज निर्माण करीत नाही. दिलेली वीज ती साठविते व मागाहून परत करते. कणगीत जेवढे धान्य भरावे तेवढेच तीतून काढता येते, त्याचप्रमाणे बॅटरीचे आहे. काढलेली वीज पुन्हा भरण्याची सोय नसेल, तर कितीही मोठी बॅटरी आणली तरी ती लवकर निकामी होते. हे एक तत्त्व नीट ध्यानी आले, तर वाहनाचे व इन्व्हर्टरचे निम्मे दोष घरच्या घरी टाळता येतील.

बॅटरीची रचना

शिसे व गंधकाम्ल यांवर चालणारी पुन्हा भरता येणारी बॅटरी फ्रान्समधील गॅस्तों प्लांते यांनी १८५९ साली तयार केली. आजही ट्रॅक्टर, टेंपो, ट्रक व बहुतेक घरगुती इन्व्हर्टर यांत याच जातीची बॅटरी वापरली जाते. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असतात व प्रत्येक घट सुमारे २ व्होल्ट दाब देतो. मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट दाब मिळविलेला असतो.

बॅटरीतून वीज घेतली जाते तेव्हा आतील पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचा थर बसतो व आम्ल पातळ होत जाते. बॅटरी पुन्हा भरली की हा थर विरघळतो. परंतु बॅटरी बरेच दिवस रिकामी अथवा अर्धवट भरलेली राहिली, तर हा थर कठीण होतो व मग तो सहजासहजी सुटत नाही. बॅटरी ‘धरत नाही’ असे लोक म्हणतात, त्याचे नेहमीचे कारण हेच आहे.

दोन कामे, दोन बॅटऱ्या

वाहनाच्या बॅटरीतील पट्ट्या पातळ व संख्येने अधिक असतात. सेल्फ फिरविण्यासाठी काही क्षण फार मोठा प्रवाह देणे, हे तिचे काम. इंजिन सुरू होताच अल्टरनेटर तिला पुन्हा भरतो. इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीतील धन पट्ट्या जाड व नळीच्या आकाराच्या असतात. तास न् तास थोडा थोडा प्रवाह देणे, हे तिचे काम.

काही ठिकाणी रात्री ट्रॅक्टरची बॅटरी काढून घरातील इन्व्हर्टरला जोडतात व सकाळी परत बसवितात. ही काटकसर नव्हे. पातळ पट्ट्यांची बॅटरी वारंवार खोलवर रिकामी झाल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते आणि ऐन मशागतीच्या दिवशी ट्रॅक्टर जागचा हलत नाही. घराची बॅटरी घराला व वाहनाची बॅटरी वाहनाला, हा नियम मोडू नये.

वाहन सुरू होत नसल्यास दोष कसा शोधावा

घाईने सुटे भाग बदलण्यापूर्वी पुढील क्रमाने पाहणी करावी. यास पान्ह्यांचा एक संच व एक साधा मल्टिमीटर एवढीच साधने पुरतात.

१) किल्ली फिरविल्यावर दिवेही लागत नाहीत : टर्मिनल सैल झाले आहेत किंवा त्यांवर पांढरा-हिरवा क्षार साचला आहे काय, हे प्रथम पाहावे. पुष्कळदा येथेच दोष सापडतो.

२) दिवे लागतात, परंतु सेल्फ मारताच मंद होतात व ‘कट-कट’ असा आवाज येतो : बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनलची पकड ढिली आहे. वाहन काही तास उभे असताना टर्मिनलवर सुमारे १२.६ व्होल्ट दाब मिळाला तर बॅटरी भरलेली समजावी, १२.२ व्होल्ट म्हणजे ती जवळजवळ निम्मी रिकामी आहे.

३) दिवे प्रखर राहतात, पण सेल्फ फिरत नाही : सेल्फ, त्याची वायर किंवा इंजिनपासून चासीला जाणारी अर्थची पट्टी यांत दोष असावा. पट्टीचे नट स्वच्छ करून आवळावेत. तरीही फरक न पडल्यास मेकॅनिकला दाखवावे.

४) सेल्फ जोमाने फिरतो, पण इंजिन पकडत नाही : बॅटरीला दोष देऊ नये. टाकीत डिझेल आहे काय व फिल्टरमध्ये पाणी साचले आहे काय, ते पाहावे. जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात नळीत हवा शिरल्यास फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू थोडा ढिला करून हातपंप मारावा व बुडबुडे थांबताच स्क्रू आवळावा. नव्या कॉमन रेल इंजिनाच्या उच्च दाबाच्या नळ्या मात्र घरी कधीही सोडू नयेत. त्यांतील डिझेलची बारीक धार कातडी भेदून शरीरात शिरू शकते.

इंजिन सुरू झाल्यावर टर्मिनलवरील दाब पुन्हा मोजावा. १२ व्होल्टच्या वाहनात तो साधारणतः १३.८ ते १४.४ व्होल्ट असतो. तो १२.५ च्या आसपासच राहिला, तर अल्टरनेटर बॅटरी भरीत नाही असे समजावे व प्रथम त्याचा पट्टा सैल झाला आहे काय, हे पाहावे. दाब १५ व्होल्टच्या वर जात असेल तर बॅटरी प्रमाणाबाहेर भरली जाऊन तिचे पाणी आटते. नवी बॅटरी घेण्याआधी ही तपासणी अवश्य करावी. कारण मूळ दोष अल्टरनेटरमध्ये असेल तर नवी बॅटरीही थोड्याच दिवसांत जुनीसारखी होईल.

दुसऱ्या वाहनाच्या बॅटरीवर आपले वाहन सुरू करताना दोन्ही बॅटऱ्यांचा दाब सारखा आहे याची खात्री करावी. १२ व्होल्टच्या वाहनाला २४ व्होल्ट कदापि जोडू नयेत. प्रथम प्लसला प्लस जोडावे. नंतर चांगल्या बॅटरीच्या मायनसची वायर बंद वाहनाच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर, लावावी. म्हणजे शेवटची ठिणगी बॅटरीजवळ पडत नाही. वाहनास वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या तारा सोडून ठेवाव्यात. ब्रेक व स्टिअरिंग यांची दुरुस्ती घरी करू नये. केवळ जॅकवर उचललेल्या वाहनाखाली कोणी शिरू नये. जमीन कठीण व सपाट असावी, चाकांना उटी लावावी आणि वाहन भक्कम घोडीवर टेकवावे. याच कारणाने ट्रॉली किंवा डंपरची उचललेली पेटी टेकू लावल्याशिवाय तिच्याखाली जाऊ नये.

बॅटरीची निगा

पाणी टाकण्याच्या बॅटरीची पातळी महिन्यातून एकदा पाहावी. पट्ट्या नेहमी द्रवात बुडालेल्या असाव्यात. कमी झालेल्या जागी केवळ ऊर्ध्वपातित पाणी, ज्यास दुकानात ‘बॅटरीचे पाणी’ म्हणतात, तेच घालावे. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातील क्षार व लोह पट्ट्यांना अपाय करतात. आम्ल मात्र घालू नये. उडून जाते ते पाणी, आम्ल नव्हे. बॅटरी भरताना द्रव वर चढतो, म्हणून पट्ट्या उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढेच पाणी घालावे व उरलेले भरल्यानंतर घालावे.

हायड्रोमीटरने आम्लाचे विशिष्ट गुरुत्व मोजल्यास प्रत्येक घटाची स्थिती कळते. वाहनाच्या भरलेल्या बॅटरीत ते सुमारे १.२६ ते १.२८ आणि इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत साधारणतः १.२४ असते. मोजणी पाणी घालण्यापूर्वी करावी. सहापैकी एकाच घटाचे माप इतरांहून ०.०५ ने कमी आले, तर त्या घटात बिघाड आहे असे समजावे.

टर्मिनल साफ करण्यासाठी झाकणे घट्ट लावून, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशने घासावे. हे पाणी घटात जाऊ देऊ नये. नंतर कोरडे करून, नट आवळून, वरून पेट्रोलियम जेली लावावी. बॅटरी काढताना मायनसची तार प्रथम सोडावी व बसविताना ती शेवटी जोडावी. पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरची मायनसची तार सोडून ठेवावी व महिन्यातून एकदा बॅटरी भरून घ्यावी.

इन्व्हर्टरचा हिशेब

इन्व्हर्टर किती मोठा घ्यावा, हे दुकानदारास विचारण्यापूर्वी घरच्या घरी हिशेब मांडावा. समजा, एका घरात ९ वॅटचे चार एलईडी दिवे (३६ वॅट), ७५ वॅटचे दोन पंखे (१५० वॅट) आणि मोबाइल भरण्याची सोय (१४ वॅट) हवी आहे. एकूण गरज २०० वॅट झाली. रूपांतरात काही वीज उष्णतेच्या रूपाने जाते, म्हणून बॅटरीतून सुमारे २५० वॅट ओढले जातील.

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॅट-तास वीज असते. तीपैकी निम्मीच वापरावी, म्हणजे बॅटरी दीर्घकाळ टिकते. ९०० ला २५० ने भागल्यास सुमारे साडेतीन तास मिळतात. आता हेच दोन पंखे सुमारे ३० वॅटचे, कमी वीज घेणारे, बसविले तर एकूण गरज ११० वॅटवर येते आणि त्याच बॅटरीवर साडेसहा तास निघतात. दुसरी बॅटरी घेण्यापेक्षा पंखे बदलणे पुष्कळदा स्वस्त पडते.

हिशेबाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. निम्मी रिकामी झालेली ही बॅटरी पुन्हा भरण्यास ७५ अँपिअर-तास हवेत. चार्जर १५ अँपिअरचा असला तरी शेवटचा भाग सावकाश भरतो व काही वीज वाया जाते. यास्तव सात ते आठ तास धरावेत. घराला तेवढा वेळ वीज मिळत नसेल, तर बॅटरी कधीच पूर्ण भरणार नाही व वर सांगितलेला कठीण थर पट्ट्यांवर बसेल. अशा गावी दुप्पट मोठी बॅटरी घेणे म्हणजे पीक न वाढविता कणगी वाढविणे होय. तेथे गरज कमी करणे किंवा बॅटरी भरण्यास सौर पटलाची जोड देणे, हाच खरा उपाय.

इस्त्री, पाणी तापविण्याचा रॉड व शेगडी ही साधने हजार वॅट किंवा त्याहून अधिक वीज घेतात. ती या इन्व्हर्टरवर लावू नयेत. मोटारीचेही तसेच. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट आणि सुरू होताना मोटार त्याच्या कित्येक पट प्रवाह मागते. घरगुती इन्व्हर्टरवर विहिरीचा पंप चालणार नाही.

मांडणी व सावधगिरी

बॅटरी भरताना तीतून हायड्रोजन वायू निघतो व तो ठिणगीने स्फोट पावतो. म्हणून तिची जागा हवेशीर असावी. तेथे देवघरातील समई, चूल अथवा विडी यांना स्थान नाही. कडबा, खताची पोती व कीटकनाशके ठेवलेल्या खोलीतही बॅटरी ठेवू नये. आम्ल अंगावर किंवा डोळ्यात उडाल्यास त्वरित स्वच्छ पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे सतत धुवावे व डॉक्टरांकडे जावे.

इन्व्हर्टरची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. इन्व्हर्टरवरील दिवे-पंख्यांची वायरिंग निराळी असावी. दोन्ही टोकांस पिन असलेली वायर करून घराच्या प्लगमध्ये वीज सोडण्याचा प्रकार प्राणघातक आहे. जनरेटरची अथवा इन्व्हर्टरची वीज अशा मार्गाने मीटरमधून उलट बाहेर गेली, तर ती ट्रान्सफॉर्मरवर पुन्हा उच्च दाबाची होते आणि वीज बंद आहे या विश्वासाने खांबावर चढलेल्या कामगाराचा जीव जाऊ शकतो. उत्तम अर्थिंग व ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच प्रत्येक घरात असावा. ओल्या गोठ्यात तर तो अत्यावश्यक समजावा.

निकामी बॅटरी घरी फोडू नये व शिसे वितळवू नये. शिशाची धूळ व धूर लहान मुलांच्या मेंदूस कायमची इजा करतात आणि सांडलेले आम्ल जमीन बिघडविते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. जुनी बॅटरी विक्रेत्यास परत द्यावी. तिची किंमत नव्या बॅटरीत बहुधा वजाही होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

शेतकरी गटामार्फत गावात एक हायड्रोमीटर व एक मल्टिमीटर ठेवण्याची व्यवस्था करावी. हंगामापूर्वी एक दिवस ठरवून गावातील वाहनांच्या व इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांची सामुदायिक तपासणी करावी. प्रत्येक बॅटरीचा दाब, सहा घटांची मापे व पाणी घातल्याची तारीख वहीत नोंदवावी. पुढील महिन्याची मापे शेजारी लिहिली की कोणती बॅटरी खालावत आहे, हे आधीच कळते. भरलेला टेंपो पहाटे दाराशी अडकून पडण्यापूर्वी हे कळणे, यातच या नोंदीचा लाभ आहे.