कुंड्या, निर्माल्य आणि तुझं पिल्लू

अगं, कुत्र्याचं पिल्लू आणलंस हे ऐकून किती बरं वाटलं म्हणून सांगू! तीन महिन्यांचं आहे म्हणजे आता त्याच्या हिरड्या सळसळायला लागतील. चप्पल, पायपुसणं, सोफ्याचा कोपरा, दिसेल ते तोंडात जाईल. ते जाऊ दे. मला काळजी आहे ती तुझ्या बाल्कनीची.

आमची चिंगी पाच महिन्यांची होती तेव्हा हॉलच्या कोपऱ्यात डिफेनबाकिया होता, पांढऱ्या ठिपक्यांच्या मोठ्या पानांचा. मी कुकर लावून बाहेर आले, तर ही दोन्ही पंजांनी स्वतःचं तोंड ओरबाडतेय. लाळेची तार थेट फरशीपर्यंत. भुंकायला गेली तर आवाज घोगरा. आणि पानाच्या कडेला दातांची ओळ. शेजारच्या काकूंनी मायेनं सांगितलं, मिठाचं पाणी पाज, उलटून पडेल. मी पेला भरलाही होता, पण त्याआधी डॉक्टरांना फोन लागला म्हणून वाचलो. ते म्हणाले, मीठ अजिबात नको, त्याचीच वेगळी बाधा होते. शिवाय जे जाताना टोचलं ते वर येतानाही टोचेल. ओल्या फडक्यानं तोंड आतून पुसा, पाणी प्यायला द्या आणि घेऊन या. संध्याकाळपर्यंत ती सावरली.

असं का होतं, ते तुला लगेच कळेल, कारण आपण अळू चिरणाऱ्या. हात खाजतात, नीट शिजलं नाही तर घसा धरतो, म्हणून आपण फदफद्यात चिंच घालतो. डिफेनबाकिया, मनी प्लँट, पीस लिली ही सगळी अळवाचीच भावंडं. त्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं की ते जिभेत आणि घशात रुततात. (चिंचेचं पाणी मात्र पिल्लाला पाजू नकोस हं. द्राक्षं आणि मनुकांसारखीच चिंचही कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना बाधू शकते.) ही झाडं त्रास देतात, पण सहसा जिवावर उठत नाहीत. तोंड सुजून श्वास अडायला लागला तर मात्र धावायचं. एरवी मनी प्लँट उंच टांग, वेल खाली लोंबू देऊ नकोस, एवढं पुरे.

जी जिवावर उठतात ती वेगळी, आणि त्यांच्या बाबतीत मी तुझं काही ऐकणार नाही. ती घरातून जायलाच हवीत.

पहिला सायकस, ज्याला सागो पाम म्हणतात. दारात शोभतो, पाणी कमी लागतं, म्हणून नर्सरीवाले कौतुकानं देतात. मलाही असाच दिला होता, घरात कुत्रं आहे हे सांगूनसुद्धा. याचं पान, खोड, मूळ सगळं विषारी, बी तर सर्वांत जास्त. खाल्ल्यावर काही तासांत उलट्या होतात. मग कधी कधी कुत्रं बरं झाल्यासारखं वाटतं, आपण सुटकेचा श्वास सोडतो, आणि दोन-तीन दिवसांत यकृत बसतं. म्हणून सायकस चावलेला दिसला तर उलटीची वाटसुद्धा बघायची नाही, तडक डॉक्टरांकडे जायचं. तुला पामच हवा असेल तर अरेका पाम घे, तो कुत्र्यांना बाधत नाही.

दुसरी कण्हेर. लाल असो की पिवळी, जिला आपण बिट्टी म्हणतो, दोन्हींचं विष हृदयाचे ठोके बिघडवतं. अडेनियमही त्याच जातीचं. तू म्हणशील, कण्हेर आमच्या बाल्कनीत नाहीच. पण सोमवारी महादेवाला वाहतेस ना? ते निर्माल्य दुसऱ्या दिवशी कुठे असतं? दाराजवळच्या पिशवीत, जमिनीवर, बरोबर पिल्लाच्या नाकाच्या उंचीवर. सुकलेली कण्हेरही विषारीच राहते, आणि फुलं ज्या पाण्यात ठेवली ते पाणीसुद्धा. निर्माल्याला झाकणाचा डबा कर आणि तो वर ठेव.

तिसरी गोष्ट झाड नाहीच, खत आहे. एरंडी पेंड. तेल काढल्यावर उरलेल्या चोथ्यात रिसिन नावाचं भयंकर विष राहू शकतं. त्यात हाडांचा चुरा मिसळलेला असला की वासानं कुत्रं कुंडी उकरून माती खातं. बिचाऱ्याला तो खाऊच वाटतो! तुझ्या पोत्यावर काय लिहिलंय ते वाच. काहीच लिहिलं नसेल तर ते खत वापरू नकोस.

काही खाल्लंच, तर घरगुती उपाय शोधत बसू नकोस. तोंडात उरलेला पाला काढ, झाडाची फांदी पिशवीत घे, नाहीतर फोटो काढ, किती वाजता खाल्लं ते लक्षात ठेव. पहिल्या तास-दोन तासांत पोहोचलीस तर डॉक्टरांना पोटातलं काढता येतं, कोळशाचं औषध देता येतं. रात्री दोन वाजता उघडा असणारा दवाखाना कोणता, ते आजच विचारून फ्रिजवर लिहून ठेव. ऐनवेळी हात थरथरतात, नंबर सापडत नाही, हे मी भोगलंय.

आणि एक कर. आज संध्याकाळी बाल्कनीत खाली मांडी घालून बस, पिल्लाला शेजारी घे, आणि त्याला काय काय दिसतं ते बघ. तिथूनच कुंड्यांचे फोटो काढून मला पाठव. नाव माहीत नसलं तरी चालेल, पान जवळून दिसू दे.