डायलिसिसवरील रुग्ण आणि त्याचा सुटीचा दिवस : याप्यत्वाच्या दृष्टीने विचार

वृक्कांचे कार्य जवळजवळ संपुष्टात आल्यामुळे डायलिसिसवर अवलंबून असलेले रुग्ण आज मोठ्या शहरांपुरते मर्यादित राहिलेले नाहीत. केंद्र शासनाने २०१६ साली राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू केल्यानंतर ही सेवा जिल्हा रुग्णालयांपर्यंत पोहोचली. त्यामुळे तालुक्याच्या गावी व्यवसाय करणाऱ्या वैद्याच्या चिकित्सालयातही असे रुग्ण येऊ लागले आहेत. अरुची, कंडू, मलावष्टंभ, निद्रानाश अशा तक्रारी घेऊन ते येतात. परंतु तक्रारी सांगून झाल्यावर बहुधा आणखी एक प्रश्न येतोच. पुतण्याच्या लग्नाला जाऊ का, एकादशी धरू का, भजनाला बसू का, दोन दिवस कोकणात गेलो तर चालेल का? प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर देणे हे चिकित्सेच्या बाहेरचे काम नसून चिकित्सेचेच अंग आहे, असे आमचे मत आहे.

याप्य म्हणजे काय

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात व्याधींचे सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय असे चार भेद सांगितले आहेत. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या तेविसाव्या अध्यायात याप्य रुग्णासाठी दिलेला दृष्टांत सर्वपरिचित आहे. पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेला खांब जसा सावरून धरतो, तशी योग्य चिकित्सा याप्य रुग्णाला धारण करते. डायलिसिसला लावून पाहिल्यास हा दृष्टांत तंतोतंत जुळतो. यंत्र वृक्क बरे करीत नाही; ते घर उभे ठेवते. खांब काढला की घर पडते. म्हणूनच ‘आमच्या औषधाने डायलिसिस सुटेल’ असे आश्वासन कोणत्याही वैद्याने देऊ नये आणि असे आश्वासन ऐकून आलेल्या रुग्णाला आपण स्पष्टपणे परावृत्त करावे.

परंतु दृष्टांताचा दुसरा अर्धा भाग आपण पुष्कळदा विसरतो. घर सावरायचे ते त्यात कोणी राहावे म्हणून. ‘याप्य’ या शब्दाच्या मुळाशी यापन आहे, आणि यापन म्हणजे काळ नीट व्यतीत करणे. आठवड्यातील तीन दिवस चार-चार तास यंत्रापाशी बसणाऱ्या माणसाचे उरलेले दिवस केवळ पुढील डायलिसिसची वाट पाहण्यात गेले, तर खांब लावूनही घर ओसच राहिले असे म्हणावे लागेल. उपकल्पनीय अध्यायात चरकाचार्य रुग्णासाठी आतुरालयाची सिद्धता सांगतात, तेव्हा औषधे व उपकरणे यांच्याबरोबरच गायन, वादन, कथा, इतिहास यांत कुशल माणसेही तेथे असावीत असे सांगतात. मनोरंजनाला त्यांनी उपकरणांच्या यादीत स्थान दिले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

सुटीचे दोन दिवस आणि त्यांतील धोका

येथे एक महत्त्वाची अडचण आहे. ज्या सुटीची रुग्ण वाट पाहतो, तीच त्याच्यासाठी सर्वांत धोक्याची असते. सोमवार, बुधवार, शुक्रवार असा क्रम असलेल्या रुग्णाला शुक्रवारनंतर थेट सोमवारी डायलिसिस मिळते. मंगळवार, गुरुवार, शनिवार या क्रमात शनिवारनंतर मंगळवार येतो. आठवड्यातून एकदा येणारे हे मोठे अंतर टळत नाही. या काळात पाणी, पोटॅशियम आणि त्याज्य द्रव्ये शरीरात साठत जातात.

अमेरिकेतील ३२,०६५ हिमोडायलिसिस रुग्णांचा अभ्यास २०११ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या अंतरानंतरच्या दिवशी मृत्यूचे प्रमाण दर १०० रुग्णवर्षांमागे २२.१, तर इतर दिवशी १८.० आढळले. हृदयविकाराने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाणही त्या दिवशी जास्त होते. आपल्याकडे खर्चामुळे अनेक रुग्ण आठवड्यातून दोनदाच डायलिसिस घेतात. सोमवार आणि गुरुवार असा क्रम असेल तर गुरुवार ते सोमवार हे अंतर चार दिवसांचे होते. अशा रुग्णाबाबत पुढील सर्व सूचना दुप्पट काळजीने पाळाव्यात.

तेव्हा रुग्णाला पहिला प्रश्न असा विचारावा : तुमचा क्रम कोणता आणि मोठे अंतर कोणत्या वारी येते? त्यावरून त्याचा खरा ‘रविवार’ ठरतो. डायलिसिसच्या दिवशी संध्याकाळी बहुतेक रुग्णांना थकवा असतो. तो दिवस विश्रांतीचा. दुसरा दिवस सर्वांत हलका असतो, कारण रक्त शुद्ध झालेले असते आणि पाणी अद्याप साठलेले नसते. फिरणे, बागकाम, नातलगांकडे जाणे, लहानसा प्रवास हे सर्व या दिवशी ठेवावे. मोठ्या अंतरातील शेवटचा दिवस मात्र बैठ्या छंदांचा असावा : वाचन, श्रवण, शब्दकोडी, बुद्धिबळ, विणकाम. मेजवानी त्या दिवशी कधीही ठेवू नये.

पाण्याचा आणि मिठाचा हिशेब

सर्वसाधारण नियम असा की, चोवीस तासांत जेवढी लघवी होते, त्यात ५०० ते ७५० मि.लि. मिळवून येईल तेवढे द्रव दिवसभरात घ्यावे. नेमका आकडा मात्र वृक्कतज्ज्ञाने ठरवावा आणि आपण तो बदलू नये. चहा, ताक, आमटी, आइस्क्रीम, औषधाबरोबरचे पाणी हे सर्व याच हिशेबात धरावे. दोन डायलिसिसमधील वजनवाढ कोरड्या वजनाच्या ४ ते ४.५ टक्क्यांच्या आत असावी; ५० किलोच्या रुग्णाला ही मर्यादा २ ते २.२५ किलो पडते. घरी वजनकाटा ठेवून रोज सकाळी नोंद करण्याची सवय लावावी.

तहान आवरत नाही असे सांगणाऱ्या रुग्णाचे मीठ तपासावे. सुमारे ८ ते ९ ग्रॅम मीठ शरीरात एक लिटर पाणी धरून ठेवते. लोणचे, पापड, फरसाण यांनी भरलेल्या ताटानंतर पाणी कमी प्या असे सांगणे व्यर्थ आहे. सैंधव निर्धोक असते हा समज आपल्या रुग्णांत, आणि खेदाने म्हणावे लागते की आपल्या व्यवसायातही, रुजलेला आहे. सैंधवातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. कमी सोडियमचे म्हणून विकले जाणारे मीठ तर याहून वाईट, कारण त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते.

उपवास, सण आणि ताट

मराठी घरातील सुटी म्हणजे अनेकदा सण किंवा उपवास. उपवासाचे पदार्थ हलके असतात हा समज या रुग्णांच्या बाबतीत उलटा ठरतो. बटाटा, रताळे, केळे, खजूर, शेंगदाणे, राजगिरा यांत पोटॅशियम भरपूर असते. शेंगदाण्यात फॉस्फरसही असतो. एका मध्यम केळ्यात सुमारे ४०० मि.ग्रॅ., तर पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात सुमारे ६०० मि.ग्रॅ. पोटॅशियम असते. आजाऱ्याला भेटायला येणारे नातलग प्रेमाने शहाळी घेऊन येतात; घरच्यांनी ती नम्रपणे बाजूला ठेवावीत. कमरखाचे फळ या रुग्णांनी मुळीच खाऊ नये. त्यातील विषद्रव्य वृक्क बाहेर टाकू शकत नाहीत आणि उचकी, संभ्रम, झटके येऊन मृत्यूही ओढवतो. बासुंदी, पेढे यांसारख्या आटीव दुधाच्या पदार्थांतून फॉस्फरस वाढतो. फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्यावयाच्या असतात. त्या लग्नाच्या पंगतीत खिशात असाव्यात, घरच्या कपाटात नव्हे.

बटाटा व इतर भाज्या सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिल्यास पोटॅशियम बरेच कमी होते. या पद्धतीने सणाच्या ताटातील एखादा आवडीचा घास राखता येतो. सर्व वर्ज्य करण्यापेक्षा काय, किती आणि कोणत्या वारी हे सांगणे रुग्णाला पाळता येते.

छंद आणि फिस्ट्युलाचा हात

ज्या हातात फिस्ट्युला आहे त्या हाताने जड वस्तू उचलू नये, त्यावर घट्ट बांगड्या वा घड्याळ घालू नये, तो उशाखाली घेऊन झोपू नये आणि त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये. रोज सकाळी बोटांनी तेथील स्पंदन तपासावे. ते थांबलेले आढळल्यास सोमवारची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जावे. बागकाम करताना लांब बाह्यांचा सदरा व हातमोजे घालावेत. मानेत नळी असलेल्या रुग्णाने पोहणे व नदीस्नान पूर्णतः टाळावे. कंडूसाठी आपण अभ्यंग सुचवतो; तो सौम्य असावा आणि फिस्ट्युलाचा हात व नळीची जागा त्यातून वगळावी. तबला किंवा ढोलकी वाजवणाऱ्याने शल्यचिकित्सकाला विचारल्याखेरीज सुरुवात करू नये; गायनाला आणि टाळाला सहसा आडकाठी नसते.

आमच्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक भजनी मंडळात पेटी वाजवीत असत. डायलिसिस सुरू झाल्यावर त्यांनी पेटी बंद करून माळ्यावर टाकली होती. मंडळाची बैठक शनिवारी रात्री असे आणि त्यांचा क्रम मंगळवार, गुरुवार, शनिवार असा होता. त्यामुळे थकव्याने ते बसूच शकत नसत. केंद्रात विनंती करून त्यांनी सोमवार, बुधवार, शुक्रवार हा क्रम मिळवला. शनिवार त्यांचा हलका दिवस झाला आणि पेटी खाली आली. औषधात आम्ही काहीही बदल केला नव्हता. त्यांची झोप मात्र सुधारली आणि घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे पथ्यावरून होणारी रोजची कुरकूरही थांबली. सत्त्वावजय म्हणतात तो कधीकधी असा वेळापत्रकातून साधतो.

लग्नकार्य वा यात्रा आली की डायलिसिसची पाळी चुकवण्याकडे रुग्णांचा कल असतो. तसे कदापि होऊ देऊ नये. पाळी एक दिवस आधी घेता येईल का हे केंद्रात विचारावे किंवा ज्या गावी जायचे तेथील केंद्रात आगाऊ जागा ठरवावी. त्यासाठी कोरडे वजन, हेपॅरिनची मात्रा, अलीकडचे तक्ते आणि कावीळ ब, कावीळ क व एचआयव्ही यांचे अहवाल बरोबर न्यावे लागतात. पोटाच्या डायलिसिसवरील रुग्णाला पिशव्या बरोबर नेऊन प्रवास तुलनेने सुलभ होतो. त्याने हातांची स्वच्छता आणि स्वच्छ खोली यांत तडजोड करू नये.

औषधालयासाठी

सुटीच्या दिवशी रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग बंद असतो, औषधाचे दुकान बहुधा उघडे असते. अशा वेळी दुकानदाराच्या एका शब्दावर बरेच काही अवलंबून असते. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात असाव्यात.

१. श्वेतपर्पटीतील प्रमुख द्रव्य सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. यवक्षारातही पोटॅशियमचे क्षारच प्रामुख्याने असतात. ‘लघवी साफ होण्यासाठी’ म्हणून डायलिसिसवरील रुग्णाला ही औषधे देणे प्राणघातक ठरू शकते.

२. मूत्रल औषधाचे कार्य वृक्कामार्फत होते. जेथे वृक्कच कार्य करीत नाहीत तेथे मात्रा वाढवून लघवी वाढत नाही.

३. आसव-अरिष्ट २० मि.लि. समभाग पाण्यासह दोन वेळा घेतल्यास ८० मि.लि. द्रव होते, काढा ४० मि.लि. दोन वेळा घेतल्यास आणखी ८०. ज्याला दिवसाला ७५० मि.लि.ची मुभा आहे, त्याचा पाचवा हिस्सा औषधातच संपतो.

४. लवणभास्कर चूर्णातून मीठ, तर शंखभस्म व प्रवाळ यांतून कॅल्शियम शरीरात जाते. इसबगोलाला भरपूर पाणी लागते. रसौषधी वृक्कतज्ज्ञाला कळविल्याखेरीज देऊ नयेत. विरेचन, बस्ती यांनाही हाच नियम लागू आहे.

५. अंगदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या स्वतःहून देऊ नयेत. ज्यांना थोडी लघवी अजून होते, त्यांची तीही या गोळ्यांनी जाऊ शकते.

आडवे झाल्यावर धाप लागणे, पाय गळून गेल्यासारखे वाटणे, छातीत धडधड होणे यांपैकी काहीही मोठ्या अंतरात आढळल्यास ‘गॅस झाला असेल’ म्हणून चूर्ण देऊन परत पाठवू नये. रुग्णाला तत्काळ डायलिसिसची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. वाढलेले पोटॅशियम काही वेळा एकही लक्षण न दाखवता हृदय थांबवते.

उपसंहार

प्राणैषणेला चरकाचार्यांनी तिन्ही एषणांत पहिले स्थान दिले, कारण प्राण असेल तरच इतर सर्व काही. डायलिसिसवरील रुग्णाच्या बाबतीत प्राणरक्षणाचे मोठे काम यंत्र आणि वृक्कतज्ज्ञ करीत आहेत. आपल्याकडे उरते ते राखलेल्या प्राणाला दिवस मिळवून देणे. त्यासाठी पुढच्या वेळी असा रुग्ण समोर बसल्यावर नाडी व जिव्हा पाहून झाली की त्याला त्याचा डायलिसिसचा क्रम विचारावा आणि नंतर पूर्वी त्याला कशाची आवड होती तेही विचारावे. ही दोन्ही उत्तरे रुग्णपत्रकावर एकाखाली एक लिहून ठेवावीत. पुढील सल्ला बहुधा त्यांतूनच निघतो.